पाहुणे आले की खोलीत, बसमध्ये बसलं की गप्प
वाचकांचे प्रश्न आणि आमची उत्तरं

या वेळची बहुतेक पत्रं तेरा ते सतरा वर्षांच्या मुलामुलींबद्दल आहेत. सूर थोड्याफार फरकाने एकच: "पोरगं वाईट नाही वो, पण चारचौघांत वागायचं कळत नाही." पत्रं लांब होती, म्हणून मुद्द्यापुरती छापली आहेत.

मुलगा नववीत आहे. घरी कुणी आलं की मोबाइल घेऊन आत जातो. हाक मारली तर येतो, मान खाली घालून "हं" करतो आणि परत आत. जावा-नणंदा म्हणतात, वळण लावलं नाही. ओरडून झालं, मोबाइल काढून घेऊन झालं. आता काय करू?
एक आई, शहापूर, बेळगाव

त्याला उद्धट ठरवायची घाई नको. चौदाव्या वर्षी आवाज फुटलेला असतो, तोंडावर पुटकुळ्या असतात आणि सगळे आपल्याकडेच बघताहेत असं वाटत असतं. त्यात पाहुण्यांशी नेमकं काय बोलायचं, हे त्याला कुणी कधी सांगितलेलं नसतं. लहानपणी "मामांना नमस्कार कर" एवढ्यावर भागायचं. आता नुसत्या "नीट वाग"वर भागत नाही, कारण नीट म्हणजे काय, किती वेळ आणि सुटका कधी, यातलं काहीच त्या दोन शब्दांत नाही.

म्हणून शब्द आधी द्या, वळण मागाहून येतं. पाहुणे यायच्या निदान अर्धा तास आधी त्याला सांगा: कोण येणार, आपले कोण लागतात, त्याने काय करायचं. काम पाच मिनिटांचंच ठेवा. दार त्याने उघडायचं, बाजूला होऊन म्हणायचं, "या काका, या काकू. बसा, आईला बोलावतो." मग पाणी. भांडी ताटलीत ठेवून आणायची, काठाला बोटं न लावता खालून धरायची, आधी वयाने मोठ्यांना द्यायची. फोन खोलीतच ठेवून समोर बसायचं. पाहुण्यांच्या दोन प्रश्नांना पूर्ण वाक्यात उत्तर द्यायचं आणि एक प्रश्न आपण विचारायचा. नंतर "अभ्यास आहे, मी आत जाऊ?" असं विचारून उठायचं. पाहुणे निघाले की पुन्हा दारापर्यंत यायचं, "या परत" म्हणायचं.

यातली सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे तो एक प्रश्न. मुलं उत्तरं देतात, पण उलट काय विचारावं ते ऐनवेळी सुचत नाही, मग शांतता पसरते आणि हात मोबाइल शोधायला लागतो. प्रश्न आधीच ठरवून द्या, त्या माणसाला धरून: "गडहिंग्लजची बस वेळेवर मिळाली का?", "आजींचे गुडघे आता कसे आहेत?", "यंदा उसाला तोड लवकर आली का?" तालीम स्वयंपाकघरातच करा, दोन मिनिटं. तुम्ही काका व्हा, तो दार उघडेल. हसू आलं तर येऊ द्या. पहिल्या आठवड्यात फक्त दार आणि पाणी. पुढच्या आठवड्यात बसणं. प्रश्न त्यानंतर. सुरुवात शेजारच्या आजींसारख्या सोप्या माणसापासून करा, वर्षातून एकदा येणाऱ्या कडक मामांपासून नको.

बहुतेक घरांत हे फिसकटतं ते सुटकेच्या जागी. मुलगा ठरल्याप्रमाणे पाच मिनिटं बसतो, विचारून उठायला जातो आणि आई म्हणते, "बस की रे, आत्ताच तर आलास." झालं. पुढच्या वेळी तो खोलीबाहेर येणारच नाही, आणि त्याचं चुकलं असंही म्हणता येत नाही. ठरलेला वेळ तुम्हीही पाळायला हवा.

दुसरं, त्याच्यासमोर "आमचा हा असाच, माणूसघाणा" असं म्हणू नका. मुलं तो शिक्का वापरायला लागतात: मी असाच, मग बदलू कशाला? पाहुण्यांनी "किती टक्के पडले?" सुरू केलं तर मध्ये पडणं तुमचं काम आहे. "सध्या त्याला फुटबॉलचं वेड आहे, त्याबद्दल विचारा," एवढं म्हटलं तरी गाडी वळते. कौतुक करायचं ते पाहुणे गेल्यावर, एकट्यात, एका वाक्यात आणि नेमकं: "गुडघ्यांचं विचारलंस, आजींना बरं वाटलं." "शहाणं बाळ" वगैरे नको. बक्षीस म्हणून पैसे तर मुळीच नकोत. मग पुढचा नमस्कारही पैशावर येतो.

वाकून नमस्कार करायची घरची रीत असेल तर ती आधी सांगून ठेवा. पण मिठी मारणं, गाल ओढू देणं, मांडीवर बसणं हे मुलाच्या, विशेषतः मुलीच्या इच्छेवर सोडा. हात जोडून केलेल्या नमस्काराने कुणाचा मान कमी होत नाही.

मुलगी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकली. आता पीयूसीला (अकरावी-बारावीला) रोज बेळगावला जाते. कन्नड वाचता येतं, पण बोलायला तोंड उघडत नाही. एकदा बसमध्ये कंडक्टरशी वाजलं, तेव्हापासून जास्तच गप्प झाली आहे.
वडील, खानापूर तालुका

शाळेत तिसरी भाषा म्हणून शिकलेलं कन्नड पुस्तकी असतं. बसमध्ये कानावर पडतं ते आपल्या भागातलं बोली कन्नड. त्यामुळे मुलीला समोरच्याचं कळत नाही, आणि ती बोलते ते समोरच्याला तुटक वाटतं. तुटक वाटण्याचं नेहमीचं कारण म्हणजे राहून गेलेलं "री". "कोडु" म्हणजे "दे", "कोड्री" म्हणजे "द्या". मुलीच्या मनात अनादर नसतो, पण घाईत तोंडातून "कोडु" जातं आणि पन्नाशीच्या कंडक्टरला ते एकेरी ऐकू येतं.

तिला आधी अख्खी भाषा नको, पाच-सहा वाक्यं पुरतील. "बेळगावि ओंदु कोड्री", म्हणजे एक बेळगाव द्या. "स्वल्प सरीरि", जरा सरका. "इन्नोम्मे हेळ्री", पुन्हा एकदा सांगा. "इल्ले इळीतीन्री", इथेच उतरते. आणि सगळ्यांत उपयोगाचं: "कन्नड भाळ बरंगिल्लरी, कलियाकत्तीन्री." कन्नड फार येत नाही, शिकतेय. हे शेवटचं वाक्य हसून म्हटलं की दहातले आठ लोक स्वतःच मराठीवर किंवा मोडक्या हिंदीवर येतात. वहीच्या शेवटच्या पानावर देवनागरीत लिहून ठेवा, पण नुसतं वाचून घोकायला लावू नका. एखाद्या कन्नड मैत्रिणीकडून ती वाक्यं फोनवर रेकॉर्ड करून घ्या, ऐकून मोठ्याने दहा-दहा वेळा म्हणू दे. हेल कानातूनच येतो.

बसमधली अर्धी वादावादी भाषेची नसतेच, खोळंब्याची असते. ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या महिलांना साध्या सरकारी बसमधून मोफत प्रवास आहे, पण फोटोचं ओळखपत्र दाखवून शून्य रकमेचं तिकीट घ्यावंच लागतं आणि उतरेपर्यंत जपावं लागतं. सकाळच्या गर्दीत कंडक्टर समोर आल्यावर मुलगी दप्तराच्या तळाशी आधार कार्ड शोधते, मागचे ओरडतात, कंडक्टर चिडतो. ओळखपत्र दप्तराच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवू दे. बस आली की ते हातात, गावाचं नाव तोंडात.

तरीही कुणी भाषेवरून टोचून बोललं तर? चालत्या बसमध्ये वाद घालायचा नाही. आवाज खाली, "कलियाकत्तीन्री" एवढंच, आणि शक्य असेल तर पुढे सरकायचं. फोन काढून व्हिडिओ करायचा नाही, त्याने गर्दी दोन बाजूंना वाटली जाते आणि मग मूळ गोष्ट कुणालाच आठवत नाही. बसचा नंबर, वेळ, मार्ग लक्षात ठेवायचा, तिकीट टाकायचं नाही. बोलणं खरोखरच अपमानाचं असेल तर वडिलांनी हे सगळं लिहून आगारात अर्ज द्यावा. चार माणसं घेऊन स्टँडवर जाऊ नका. तुम्ही परत याल, तिला मात्र दुसऱ्या दिवशी त्याच बसने जायचं असतं.

याची दुसरी बाजूही आहे, ती आपल्या घरात घडते. मुलीची कन्नड मैत्रीण आली की आपण सगळे तिच्यासमोर मराठीत बोलत राहतो आणि मध्येच हसतो. तिला वाटतं, हसले ते आपल्यालाच. अशा वेळी एकाने तरी "आम्ही दुधाच्या बिलाचं बोलत होतो" इतकं तिला सांगावं. सरावाला सण चांगले. संक्रांतीला तिळगूळ आपला, तसा त्यांचा एळ्ळु-बेल्ल. दसऱ्याला सोनं आपलं, तशी त्यांची बन्नी. शेजारच्या कन्नड घरात मुलीलाच ताट घेऊन पाठवा, एकटीला. अण्णा, अक्का हे शब्द तर दोन्हीकडे चालतात, तेवढ्याने दार उघडतं.

मी दहावीत आहे. गणपतीत सगळे नातेवाईक विचारतात, किती टक्के, काळी का पडलीस, वजन वाढलं काय. उलट बोलले की आई रागावते, गप्प बसले की शिष्ट म्हणतात. मी काय बोलू?
एक विद्यार्थिनी, निपाणी

तुझी तक्रार रास्त आहे. असे प्रश्न विचारणाऱ्यांचंच वळण आधी बघायला हवं, पण ते आपल्या हातात नाही. तुझ्या हातात आहे ते छोटं उत्तर आणि लगेच उलटा प्रश्न. "निकाल लागला की आईच सगळ्यांना सांगेल. मामी, तुमची गौर कधी बसते?" उत्तर आणि प्रश्न यांच्यामध्ये श्वास घेऊ नकोस, नाहीतर तिथेच दुसरा टोमणा घुसतो. रंगावर, वजनावर बोललं कुणी तर सरळ सांग, "काकू, तो विषय नको ना." आवाज साधा ठेव. यात उद्धट काही नाही. उपरोध मात्र नको. "तुमचं पण वाढलंय की" हे म्हणताना बरं वाटतं, पण मग वर्षभर तेच वाक्य चघळलं जातं आणि तिने काय विचारलं होतं ते कुणीच सांगत नाही.

हाताला काम ठेव: आरतीचं ताट, प्रसादाचे द्रोण. काम असलेल्या माणसाला कुणी फार वेळ धरून बसत नाही. आणि एक वेगळी गोष्ट. कुणाचा स्पर्श, बघणं किंवा बोलणं नकोसं वाटलं तर तिथे रीतभात पाळायची नाही. नाव काय, नातं काय, बघायचं नाही. उठून जायचं आणि विश्वासाच्या मोठ्या माणसाला सांगायचं. घरात कुणाला सांगता येत नसेल तर १०९८ ही मुलांसाठीची मोफत हेल्पलाइन आहे.

मुलगा पंधरा वर्षांचा. आईला "तुला काय कळतंय" म्हणतो, दार आपटतो, तोंडात शिव्या आल्या आहेत. दोन वेळा हात उचलला मी. चार दिवस सरळ, की परत तेच.
वडील, संकेश्वर

मारल्यावर तो चार दिवस गप्प राहिला म्हणजे शिकला असं होत नाही. राग आल्यावर मोठा माणूस हात उचलतो, एवढंच तो त्यातून शिकतो. मारणं थांबवा, पुढचं सगळं त्यानंतर.

वेळ तपासा. बहुतेक भांडणं दोन वेळांना होतात: क्लासहून भुकेला आल्यावर आणि सकाळी उठवताना. या वयाला रात्रीची आठ ते दहा तास झोप लागते. रात्री साडेअकरापर्यंत मोबाइल आणि पहाटे साडेपाचला ट्यूशनसाठी उठणं, म्हणजे जेमतेम सहा तास. या मुलाला सकाळी सहाला कुठलीही सूचना द्या, दार आपटणारच. घरी आल्यावर आधी खायला द्या. पहिली वीस मिनिटं अभ्यास, गुण, पसारा यांतलं काही काढू नका.

तोंडातून वेडंवाकडं गेलंच तर त्या क्षणी उपदेश नको. "या शब्दात मी बोलणार नाही. जेवण झाल्यावर बोलू." एवढं सांगून तुम्ही दुसऱ्या खोलीत जा. त्याच्यामागे जाऊ नका, त्याच्या बंद दारातून बोलू नका. जेवणानंतर मात्र बोलायचंच, विसरलो म्हणून सोडायचं नाही. ते बोलणं पाच मिनिटांच्या वर गेलं की त्याचे कान बंद झालेच म्हणून समजा.

शिव्यांत फरक करा. खेळताना बोट ठेचल्यावर निघालेली आणि आईला घातलेली, या दोन्हींना एकच शिक्षा केली तर मुलाला दुसरीचं गांभीर्य कळत नाही. पहिलीला "घरात नको" पुरे. दुसरीनंतर माफी हवी, आणि नुसतं "सॉरी" म्हणजे माफी नाही. मी काय बोललो, त्याने तुला काय वाटलं असेल, आता मी काय करतो, असे तिचे तीन भाग असतात. तिसरा भाग कामाचा: आपटलेल्या दाराची निखळलेली कडी त्याने बसवायची, आईचा खोळंबलेला बाजार त्याने आणायचा. सगळ्यांसमोर माफी मागायला लावू नका, त्यात त्याचं लक्ष अपमानाकडे जातं.

हे लिहायला संकोच वाटतो, पण लिहायलाच हवं. "तुला काय कळतंय" हे वाक्य त्याच्या कानावर घरात आधी कधी पडलंय का? बायकोशी बोलताना तुमच्या तोंडून ते जात असेल तर मुलाला दिलेले धडे वाया जातील.

मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काय चालतं कळत नाही. फोनवर बोलण्याची काही रीत शिकवायची असते का?
एक पालक, चिक्कोडी

असते, आणि ती चार गोष्टींत संपते. फोन लावला की आधी आपलं नाव आणि कुणाशी बोलायचं ते: "नमस्कार काकू, मी अनगोळहून ओंकारचा मित्र बोलतोय, तो आहे का?" रात्री साडेनऊनंतर आणि सकाळी आठच्या आत कुणाच्या घरी नाही. शिक्षकांना नुसतं "सर" लिहून वाट बघत बसायचं नाही. नमस्कार, नाव, वर्ग, प्रश्न, सगळं एकाच मेसेजमध्ये. बसमध्ये, दवाखान्यात स्पीकर बंद.

ग्रुपसाठी नियम: कुणाचा फोटो किंवा स्क्रीनशॉट त्याला विचारल्याशिवाय पुढे नाही. अठरा वर्षांखालच्या कुणाचा अश्लील फोटो पुढे पाठवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ब खाली गुन्हा आहे. गंमत म्हणून, "मी काढला नाही, फक्त पाठवला" म्हणून सुटका होत नाही. मुलांना हे ठाऊक नसतं, स्पष्ट शब्दांत सांगा. असं काही फोनवर आलं तर पुढे न पाठवता घरात दाखवायचं, आणि फसवणूक किंवा धमकी असेल तर सायबर गुन्ह्यांच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करायचा. एवढं सांगितल्यावर मुलाने खरंच आणून दाखवलं, तर त्या दिवशी फोन काढून घेऊ नका. काढून घेतलात तर पुढचं काही तुमच्यापर्यंत येणार नाही.

लग्नात पंगतीला बसल्यावर मुलीने काय सांभाळावं?
बेळगाव

नको असेल ते वाढायच्या आधी पानावर हात आडवा धरून सांगायचं, पडल्यावर नाही. वाढणारा कन्नड असेल तर "साक्री", म्हणजे पुरे. भात थोडा घ्यावा, परत मिळतोच. शेजारची आजी जेवत असताना मध्येच उठायचं नाही, फोन मांडीखाली.

मुलगा सोळा वर्षांचा, फारच लाजाळू. दुकानातसुद्धा जात नाही. हा स्वभाव म्हणायचा की आजार?
आई, अथणी

लाजाळूपणा हा आजार नव्हे. ओळखीच्या दोन-तीन मुलांत तो मोकळा असेल, शाळा-कॉलेज चुकवत नसेल, तर सरावाने बराच फरक पडतो. पायऱ्या करा: किराणा दुकानात एकाच वस्तूचा भाव विचारणं, मग ती घेऊन सुटे मोजून घेणं, मग फाटकं पाकीट बदलून मागणं, मग फोनवरून सामान सांगणं, मग स्टँडवर अनोळखी माणसाला बस विचारणं. प्रत्येक पायरीआधी भीती शून्य ते दहात किती वाटते ते त्याने सांगायचं. तीच पायरी चार-पाच वेळा केल्यावर आकडा निम्म्यावर आला की पुढची. एका दिवसात दोन पायऱ्या चढवू नका.

तुम्ही सोबत असाल तर त्याच्या वतीने बोलायची सवय तोडा. दुकानदाराने विचारलं आणि तो अडला, तर मनात पाचपर्यंत मोजा. बहुतेक आया दोनलाच बोलून टाकतात.

मात्र काही खुणा वेगळ्या आहेत. भीती सहा महिन्यांहून जास्त टिकलेली, कॉलेज चुकतंय, सकाळी निघताना रोज पोटात दुखतं किंवा उलटी होते, लोकांसमोर जेवता येत नाही, जवळचे मित्रही तुटले. यांतलं काही असेल तर "धीट हो" म्हणत बसू नका. सरकारी जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते, तिथे दाखवा. अथणीहून लगेच जाणं जमत नसेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. सेवा मोफत आहे, दिवसरात्र चालू असते, आणि मराठी किंवा कन्नड, ज्यात तुम्हाला सोपं पडेल त्यात बोलता येतं. पहिला फोन तुम्हीच केलात तरी चालतं. मुलाला लगेच बोलायला बसवलंच पाहिजे असं नाही.